डॉलर नव्वदीपार, सोनं सव्वा लाखापार: मुंबईकर घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर, ठाणे, डोंबिवली, बोरिवलीकडच्या वाचकांनी वर्षभरात विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पुन्हा पुन्हा येणारे ठेवले, एखाद्याच घराच्या अडचणीचे गाळले. आकडे डिसेंबर २०२५ अखेरपर्यंतचे आहेत. मी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही, त्यामुळे "कुठला शेअर घेऊ?" याचं उत्तर इथे मिळणार नाही. ते उत्तर फुकटात देणाऱ्यांपासून जरा लांबच राहा.

जगात काय घडलं यापेक्षा ते आपल्या घरात कुठल्या दाराने शिरतं हे आधी पाहावं, असं माझं मत आहे. अशी दारं चारच: डॉलरचा भाव, खनिज तेल, व्याजदर आणि परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा. बातमी यांपैकी एकाही दाराशी पोचत नसेल तर ती चहाबरोबर वाचावी आणि कामाला लागावं.

रुपया नव्वदीला गेला. १९९१ सारखं संकट येतंय का?

नाही. ३ डिसेंबर २०२५ ला डॉलरने पहिल्यांदा नव्वदी ओलांडली आणि १६ तारखेला ९१ही पाहिला. आकडा डोळ्यांत भरतो, पण संकट मोजायचं ते परकीय चलनाच्या गंगाजळीवरून, भावावरून नाही. १९९१ मध्ये गंगाजळी इतकी आटली होती की जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीचे पैसे उरले होते. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशी पाठवून तारण ठेवलं, आणि १ व ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन केलं. डिसेंबर २०२५ अखेर गंगाजळी सत्तर हजार कोटी डॉलरच्या आसपास होती, म्हणजे साधारण अकरा महिन्यांची आयात भागेल इतकी.

२०१३ ची आठवणही काही जण काढतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, बाजारात ओतला जाणारा पैसा आवरता घेण्याचं नुसतं सूतोवाच केलं आणि मे ते ऑगस्ट या काळात रुपया ६८ च्या पुढे घसरला. ती पडझड खरोखर भीतीदायक होती. २०२५ ची घसरण त्यापुढे संथ आहे.

पण वर्षभरात डॉलर स्वतःच जगात घसरला ना? मग रुपया वधारायला नको होता?

वर्षातला सर्वांत चांगला प्रश्न हाच. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत प्रमुख चलनांसमोर डॉलर दहा टक्क्यांहून अधिक पडला. वर्षाची इतकी वाईट सुरुवात त्याने १९७३ नंतर पाहिली नव्हती. म्हणजे पडणाऱ्या डॉलरसमोरही रुपया पडला. युरोसमोर पाहिलं तर चित्र आणखी वाईट: जानेवारीत ८९ रुपयांच्या आसपास असलेला युरो वर्षअखेरीस १०५ वर गेला. उन्हाळ्यातल्या युरोप सहलीचं दरपत्रक पाहून दचकलेल्यांना कारण इथे सापडेल.

कारणं बहुतेक आपल्याशीच निगडित आहेत. परदेशी गुंतवणूकदारांनी वर्षभरात आपल्या शेअर बाजारातून दीड लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम काढून नेली. ऑगस्टपासून अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. आणि ऑक्टोबरमध्ये, दसरा-दिवाळीच्या तोंडावर, आपण १,४७२ कोटी डॉलरचं सोनं आयात केलं. त्या एका महिन्याची व्यापार तूट ४,१६८ कोटी डॉलर झाली, आजवरची सर्वांत मोठी. लक्ष्मीपूजनाला घेतलेल्या वळ्याचाही त्यात खारीचा वाटा आहे.

माझ्या मते आणखी एक कारण आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये रुपया ८२ ते ८५ च्या पट्ट्यात जवळजवळ बांधून ठेवल्यासारखा होता. डिसेंबर २०२४ मध्ये संजय मल्होत्रा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाल्यावर पकड सैल झाली आणि साचलेली घसरण एकदम दिसली. हळूहळू होऊ दिली असती तर नव्वदीचा मथळा इतका मोठा झाला नसता.

रुपयाचा भाव नेमका ठरवतं कोण? रिझर्व्ह बँक?

रोजचा भाव बँका आपसांत डॉलरची खरेदी-विक्री करतात त्यातून ठरतो. रिझर्व्ह बँक फोर्टातल्या मिंट रोडवरून नजर ठेवते आणि चढउतार फार झाले की स्वतः डॉलर विकते किंवा घेते. या व्यवहारांची आणि सरकारी रोख्यांची देवाणघेवाण पूर्ण करणारी संस्था, क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, दादर पश्चिमेला एस. के. बोले रोडवर आहे. ज्या रस्त्यावर सिद्धिविनायक, त्याच रस्त्यावर. मंगळवारच्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

मुलगी जर्मनीला शिकायला जाते आहे. आत्ताच युरो घेऊन ठेवू का?

आधी हिशेब. विद्यार्थ्याला व्हिसासाठी तिथल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ८९ च्या भावाने ते १० लाख ५९ हजार रुपये होत होते, १०५ च्या भावाने साडेबारा लाख. काहीही न करता एक लाख नव्वद हजारांचा फरक.

भावाचा अंदाज बांधत बसू नका, टप्प्याटप्प्याने घ्या. सहा महिन्यांत लागणारी रक्कम तीन हप्त्यांत घेतली की सगळा पैसा एकाच चुकीच्या दिवशी जाण्याची भीती उरत नाही. एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत परदेशी पाठवलं तर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच कापून घेतला जाणारा कर, लागत नाही. त्यावर शिक्षणासाठी स्वतःचे पैसे पाठवले तर २०२५-२६ मध्ये ५ टक्के कापले जात, आणि ते विवरणपत्रात परत मागता येतात. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं शैक्षणिक कर्ज असेल तर टीसीएस नाही. बँकेचा डॉलर-युरोचा भाव आणि बाजारभाव यांतला फरक मात्र विचाराच. शाखेत हसून बोलतात म्हणून भाव चांगला असतोच असं नाही.

याची दुसरी बाजूही आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून घरी आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता, केरळपेक्षाही जास्त. ज्यांचा मुलगा न्यू जर्सीहून पैसे पाठवतो त्यांना नव्वदीचा डॉलर गोड लागतो.

सोनं इतकं का वाढलं? अजून वाढेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. पहिल्याचं सविस्तर देतो, कारण सराफाच्या काउंटरवर ते कुणी देत नाही.

आपल्याकडचा भाव तीन गोष्टींच्या गुणाकारातून बनतो: लंडन-न्यूयॉर्कचा डॉलरमधला भाव, रुपयाचा भाव आणि कर. समजा एका औंसाला ४,३०० डॉलर पडतात. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, तेव्हा १० ग्रॅमला साधारण १,३८२ डॉलर. त्याला ९० ने गुणा, १ लाख २४ हजार ४०० झाले. त्यावर ६ टक्के आयातशुल्क धरा, १ लाख ३१ हजार ९००. मग ३ टक्के जीएसटी, १ लाख ३५ हजार ८००. वर घडणावळ वेगळी. झवेरी बाजारातला भाव या हिशेबाच्या आसपासच फिरतो. म्हणजे जगात सोनं जागच्या जागी राहिलं आणि रुपया पाच टक्के घसरला, तरी तुमच्यासाठी ते पाच टक्क्यांनी महागलं. उलट जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं तेव्हा जगातला भाव न हलताही आपल्याकडे सोनं एकदम उतरलं होतं.

आता जगातला भाव का वाढला ते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०,००० कोटी डॉलरची गंगाजळी गोठवली. इतर देशांनी त्यातून धडा घेतला: दुसऱ्याच्या देशात ठेवलेले डॉलर-युरो एका सहीने अडकू शकतात, आपल्या तिजोरीतलं सोनं अडकत नाही. त्यानंतरची तीन वर्षं, २०२२ ते २०२४, जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं. ही गिऱ्हाइकं भाव पाहून थांबत नाहीत, आणि घासाघीसही करत नाहीत.

आपली रिझर्व्ह बँकही त्यांत आहे. सप्टेंबर २०२५ अखेर तिच्याकडे ८८० टन सोनं होतं आणि त्यातलं सुमारे ५७६ टन देशातच. अलीकडच्या वर्षांत इंग्लंडमधून शंभर-शंभर टन परत आणलं गेलं. १९९१ मध्ये मुंबईहून सोनं बाहेर जाताना ज्यांनी पेपरात वाचलं, त्यांना हा उलटा प्रवास पाहायला मिळाला.

मग दागिने विकून पैसे करावेत का?

लग्नाचे दागिने ही गुंतवणूक नव्हेच, तेव्हा तो प्रश्न घरात सोडवा. गुंतवणूक म्हणून घेतलेली वेढणी किंवा नाणी असतील आणि एकूण बचतीत सोन्याचा हिस्सा आपोआप खूप फुगला असेल, तर थोडं कमी करण्यात काही गैर नाही.

सुवर्णरोखे नव्याने निघणं फेब्रुवारी २०२४ नंतर थांबलं. नोव्हेंबर २०१५ चा पहिला रोखा ग्रॅमला २,६८४ रुपयांनी निघाला आणि आठ वर्षांनी ६,१३२ रुपयांनी परत घेतला गेला, शिवाय दरवर्षीचं व्याज. सरकारला तो महाग पडला, म्हणून बंद झाला. ज्यांच्याकडे आहे त्यांनी मुदतीपर्यंत जपून ठेवावा.

तेल जगात स्वस्त झालं. मुंबईत पेट्रोल १०३ वरच का?

कागदोपत्री पेट्रोलचा भाव २०१० पासून आणि डिझेलचा २०१४ पासून मुक्त आहे. २०१७ पासून तो रोज बदलायचा असंही ठरलं. प्रत्यक्षात मार्च २०२४ मध्ये दोन रुपये कमी झाल्यानंतर २०२५ अखेरपर्यंत तो जवळजवळ हलला नाही. तेल उतरलं की फायदा आधी तेल कंपन्यांचा जुना तोटा भरून काढतो आणि मग सरकारी तिजोरीत जातो: एप्रिल २०२५ मध्ये उत्पादनशुल्क लिटरला दोन रुपयांनी वाढवलं, पंपावरचा भाव तसाच ठेवून. त्यावर राज्याचा व्हॅट. तेल महागलं तेव्हाही पंपावर लगेच वाढ झाली नव्हती, हे खरं. पण मग त्याला मुक्त भाव म्हणू नये.

तेलाचा खरा परिणाम डॉलरच्या मागणीवर होतो. लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो.

तेलाचा भाव शून्याखाली गेला होता म्हणतात, ही थाप का?

थाप नाही. २० एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, अमेरिकेतल्या वायदे बाजारात मे महिन्याचं तेल उणे ३७.६३ डॉलरवर बंद झालं. टाक्या भरलेल्या होत्या आणि माल ठेवायला जागा नव्हती, म्हणून लोक "पैसे घ्या पण तेल न्या" म्हणत होते. अंधेरीच्या एमसीएक्सने, म्हणजे आपल्याकडच्या वायदे बाजाराने, आपल्या वायद्याचा निकाली भाव पिंपामागे उणे २,८८४ रुपये लावला. स्वस्त तेल म्हणून वायदा घेऊन बसलेल्या इथल्या लोकांना भांडवल तर गमवावं लागलंच, वर पैसे भरावे लागले. प्रकरण कोर्टात गेलं. भाव शून्याखाली जाऊ शकतो हे करारात कुठे ठळक लिहिलेलं नव्हतं, तेव्हा त्यांचा संताप मला पटतो.

सरकार म्हणतं महागाई ०.२५ टक्के. ही कुठल्या देशातली?

ऑक्टोबर २०२५ ची, आणि या मालिकेतली सर्वांत कमी. आकडा खोटा नाही. तो काय मोजतो ते पाहावं लागतं.

पहिली गोष्ट, महागाईचा दर म्हणजे भाव किती वाढले. भाव किती आहेत ते तो सांगत नाही. दर शून्यावर आला म्हणजे वस्तू जिथे पोचल्या तिथेच राहिल्या, खाली आल्या असं नाही. दुसरी, तुलना मागच्या ऑक्टोबरशी असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या आदल्या वर्षीपेक्षा ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या. त्या डोंगरावरून पाहिल्यावर सगळं खालीच दिसणार. तिसरी, २०१२ ला पाया धरून बांधलेल्या या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के होतं आणि घरभाड्याचं फक्त १०. ठाण्यात वन-बीएचकेचं भाडं भरणाऱ्या, मुलांच्या शाळा-क्लासच्या फीने वाकलेल्या कुटुंबाचा खर्च असा नसतोच. २२ सप्टेंबरपासूनच्या जीएसटी कपातीनेही आकडा आणखी खाली ओढला.

तेव्हा तुमची महागाई तुम्हीच मोजा. मागच्या वर्षीच्या याच महिन्याचं बँकेचं स्टेटमेंट काढा आणि भाडं, फी, औषधं, किराणा, प्रवास असे पाच खर्च शेजारी मांडा. निवृत्तीचं नियोजन त्या आकड्यावर करा, दिल्लीच्या नाही.

रेपो दर सव्वा टक्क्याने उतरला. माझा हप्ता का उतरला नाही?

२०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने उसने देते तो दर, ६.५० वरून चार पावलांत ५.२५ टक्क्यांवर आला. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं बदलत्या दराचं गृहकर्ज बाहेरच्या दराशी, बहुधा रेपोशी, जोडलेलं असतं आणि तीन महिन्यांत एकदा तरी त्याचा दर बदलावा लागतो. हप्ता तसाच दिसत असेल तर तीन शक्यता: बँकेने हप्ता न बदलता मुदत कमी केली, तुमचं कर्ज जुन्या पद्धतीचं आहे, किंवा ते गृहवित्त कंपनीचं आहे, जिला हा नियम तसाच लागू नाही.

पहिली शक्यता असेल तर आनंद माना. वीस वर्षांसाठी ५० लाख, दर ९ टक्के, तर हप्ता ४४,९८६ रुपये. दर ७.७५ झाला आणि हप्ता कमी करून घेतला, तर तो ४१,०४७ होतो, महिन्याला चार हजारांची सोय. हप्ता तोच ठेवला तर कर्ज वीसऐवजी साधारण साडेसोळा वर्षांत फिटतं. साडेतीन वर्षांचे हप्ते वाचले, म्हणजे अठरा लाखांहून अधिक. घरात ओढाताण नसेल तर हप्त्याला हात लावू नका.

जुन्या पद्धतीचं कर्ज असेल तर शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. थोडं शुल्क लागेल, पण ते वसूल होतं. फोनवर होणारं हे काम नव्हे.

मी निवृत्त आहे. एफडीचं व्याज उतरलं, आता कुठे जाऊ?

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर ८.२ टक्के मिळतात, मर्यादा ३० लाख. रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे ८.०५ टक्के देतात, पण सात वर्षं अडकतात. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ वर आहे. आधी हे भरा. मग बँकेची ठेव. साडेनऊ टक्के देतो म्हणणाऱ्या पतसंस्थेकडे वळण्याआधी पुढचं उत्तर वाचा.

सहकारी बँक बुडाली तर पैसे मिळतात का?

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, मुद्दल आणि व्याज धरून. दर माणशी, दर बँकेमागे. एकाच बँकेच्या गिरगाव आणि मुलुंड शाखांत चार-चार लाख ठेवले तर ते आठ धरले जातात, विमा पाचचाच. नावांचा क्रम बदललेलं संयुक्त खातं वेगळं धरलं जातं. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पर्यंत फक्त एक लाख होती. ती वाढली त्यामागे पीएमसी बँकेचं प्रकरण होतं: सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला अवघे हजार रुपये काढता येत होते. पुढे ती बँक विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळायला दहा वर्षांपर्यंतचं वेळापत्रक आलं. २०२१ च्या दुरुस्तीमुळे आता निर्बंध लागल्यावर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी लागते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. तिजोरीतून १२२ कोटींच्या अपहाराचा आरोप होता. ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. म्हणजे शेवट दर वेळी वाईट होतो असं नाही. पण मधले महिने दवाखान्याचं बिल थांबत नाही.

आणि पतसंस्था, पतपेढी, सोसायटी यांना हा विमा नाही. चेअरमन ओळखीचे आहेत, गणेशोत्सवाला वर्गणी देतात, हे सगळं खरं असलं तरी नाही.

एक गंमत. मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा १९०६ साली स्थापन झालेल्या आपल्या शामराव विठ्ठल सहकारी बँकेला, म्हणजे एसव्हीसीला, खुलासा काढावा लागला की आमचा त्या एसव्हीबीशी काडीचा संबंध नाही. व्हॉट्सॲपवर एक अक्षर इकडचं तिकडे झालं की एवढं पुरतं.

अमेरिकेच्या शुल्काचा मुंबईत कुणाला फटका?

अंधेरीच्या सीप्झला. १९७३ पासूनच्या या निर्यात केंद्रातून हिऱ्यामोत्यांचे दागिने मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला जातात. ७ ऑगस्टला २५ टक्के आणि रशियन तेलाच्या कारणाने २७ ऑगस्टपासून आणखी २५, असं ५० टक्के शुल्क लागल्यावर तिथल्या कारागिरांच्या ओव्हरटाइमवर आणि नोकरीवर गदा आली. कपडे आणि कोळंबीलाही फटका. औषधं आणि स्मार्टफोन वगळले होते. तुमचं घर यांपैकी कशावर चालत नसेल तर परिणाम रुपयाच्या वाटेने येतो, तो वर आलाच.

परदेशी विकतायत, मग बाजार कोसळत का नाही?

कारण आपण घेतो आहोत. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले. त्याच महिन्यात एसआयपीची, म्हणजे म्युच्युअल फंडांत दरमहा जाणाऱ्या ठरलेल्या हप्त्यांची, रक्कम पहिल्यांदा २५ हजार कोटींवर गेली, आणि विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी वेगळे. सेन्सेक्स ८५,९७८ च्या शिखरावरून मार्च २०२५ मध्ये ७३ हजारांच्या आसपास आला. पडला, कोसळला नाही. त्याच तिमाहीत कंपन्यांतला देशी संस्थांचा हिस्सा परदेशी संस्थांपेक्षा जास्त झाला.

हे अभिमानाने सांगितलं जातं. मला थोडी शंका आहे: महाग भावाला विकून जाणाऱ्याचा माल आपण महिन्याच्या ठरलेल्या तारखेला न बघता घेतो आहोत. एसआयपी बंद करा असं यातून निघत नाही. पुढची पाच वर्षं मागच्या पाच वर्षांसारखी जातील हे मात्र डोक्यातून काढा.

जपानने व्याज पाव टक्का केलं आणि माझा फंड पडला. संबंध काय?

जपानात व्याज वर्षानुवर्षं शून्याच्या आसपास होतं. मोठे फंड तिथून येनमध्ये उसने घेत आणि अमेरिका, भारत, मेक्सिको असे जिथे जास्त मिळतं तिथे लावत. ३१ जुलै २०२४ ला जपानच्या मध्यवर्ती बँकेने दर पाव टक्क्यावर नेला, येन वधारला आणि उसनं परत करायला सगळे एकदम विकायला निघाले. त्यातच अमेरिकेतले नोकऱ्यांचे आकडे वाईट आले. सोमवारी, ५ ऑगस्टला, जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १२.४ टक्के पडला आणि सेन्सेक्स २,२२२ अंश. दुसऱ्याच दिवशी निक्केई १० टक्के उसळला. दोन महिन्यांच्या आत आपला सेन्सेक्स विक्रमी शिखरावर होता.

७ एप्रिल २०२५ ला, ट्रम्प यांच्या शुल्कघोषणेनंतरच्या सोमवारी, पुन्हा २,२२७ अंश. टीव्हीवर दोन्ही वेळा लाल रंग सारखाच होता. टक्क्यांत पाहिलं तर दोन्ही पडझडी तीन टक्क्यांच्या आतल्या. २८ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहता प्रकरणात, सेन्सेक्स ५७० अंशच पडला होता, पण ते पावणेतेरा टक्के होते. अंश सोडा, टक्के पाहा.

मुलगा नोकरी सोडून ऑप्शन ट्रेडिंग करतो म्हणतो. काय सांगू?

सेबीचा आकडा सांगा. २०२४-२५ मध्ये शेअर वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९१ टक्के तोट्यात होते आणि सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा एक लाख कोटींच्या पुढे. त्याआधीच्या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. समोर कोण बसलंय तेही सांगा. ३ जुलै २०२५ ला सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि ४,८४३ कोटी रुपये जमा करायला लावले. एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या, दिवशी बँक निफ्टी हा बँकांच्या शेअरचा निर्देशांक हलवल्याचा ठपका होता. कंपनीने तो नाकारला आणि अपिलात गेली. निकाल काहीही लागो, लोकलमध्ये उभा राहून मोबाइलवर कॉल-पुट घेणारा मुलगा अशा यंत्रणेसमोर खेळतो आहे.

ओरडू नका. त्याच्याकडून तीन वर्षांचं ब्रोकरचं नफा-तोटा पत्रक मागा, ब्रोकरेज आणि कर धरून. स्क्रीनशॉट नाही, पत्रक.

आठवड्याला टक्केवारी देणाऱ्या योजना सगळ्याच खोट्या असतात का?

हो. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानासमोर पैसे अडकलेल्यांची जमलेली गर्दी आठवा.

अमेरिकेचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलर. डॉलर संपला का?

मे २०२५ मध्ये मूडीजने अमेरिकेचं सर्वोच्च मानांकन काढून घेतलं. स्टँडर्ड अँड पुअर्सने ते २०११ मध्ये आणि फिचने २०२३ मध्ये आधीच काढलं होतं. डॉलरचा दबदबा ओसरतो आहे, पण त्याची जागा घेईल असं दुसरं चलन तयार नाही. युआन सरकारी मुठीत आहे आणि युरोमागे एकच सरकार नाही. म्हणून तर लोक सोन्याकडे पळाले. या प्रश्नावर तुम्हाला आज करण्यासारखं काही नाही.

बातम्यांऐवजी काय पाहावं?

दर दोन महिन्यांनी पतधोरण समितीचा निर्णय. गव्हर्नर सकाळी दहाला वाचून दाखवतात, तो मूळ मजकूर मराठी वाहिन्यांच्या चर्चेपेक्षा छोटा असतो. महागाईचा आकडा महिन्याच्या १२ तारखेला. परदेशी गुंतवणूकदारांची खरेदी-विक्री एनएसडीएलच्या संकेतस्थळावर रोज, एसआयपीची आकडेवारी ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर महिन्याला एकदा. बँक ठेव विम्यात आहे का, हे डीआयसीजीसीच्या, म्हणजे ठेवींचा विमा देणाऱ्या संस्थेच्या, यादीत पाहता येतं. ते आजच पाहा, बाकीचं सावकाश.